आमच्यात आणि आपल्यात

पुण्यात राहून मराठी शिकणं फार अवघड आहे. मराठी अवघड आहे म्हणून नाही हो, पुण्यात कुणी बोलूच देत नाही म्हणून!

विश्वास बसत नसेल तर माझ्या बायकोला विचारा. ती आसनसोलची, म्हणजे पक्की बंगाली. हिंजवडीत एकाच मजल्यावर काम करता करता ओळख झाली, पुढे लग्न झालं (ती ष्टोरी मोठी आहे, पुन्हा कधीतरी). लग्न ठरलं त्याच आठवड्यात तिनं जाहीर करून टाकलं की मी मराठी शिकणार. कारण अगदी साधं होतं. गावाकडे, बेंबळीला, माझी आज्जी आहे. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं आणि मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. "मला तिच्याशी तुझ्या थ्रू बोलायचं नाहीये," असं बायकोचं म्हणणं. दुभाष्या म्हणून माझी गुणवत्ता तिला माहीत असावी, कारण आज्जी पाच मिनिटं बोलली की मी त्याचं एका वाक्यात भाषांतर करतो.

तर क्लास लागला. रविवारी सकाळी, दोन तास. पुस्तक आलं, वही आली. तीन महिन्यांत बाईसाहेब वाक्यं बनवायला लागल्या आणि उत्साहानं मंडईत गेल्या. "दादा, अर्धा किलो भेंडी द्या." भाजीवाल्याचं उत्तर, "आधा किलो? चालीस रुपया मॅडम." हिनं पुन्हा मराठीत, "ताजी आहे ना?" "एकदम फ्रेश है मॅडम." ती मराठी सोडेना, तो हिंदी सोडेना. दोन सज्जन माणसं एकमेकांच्या सोयीसाठी भांडतायत असं ते दृश्य! रिक्षावाला तेच, बँकेतला क्लार्क तेच. आमच्या हापिसात तर विचारूच नका. हिनं "मला वाटतं की..." एवढं म्हटलं की समोरचा लगेच इंग्रजीत शिरतो.

यात कुणी दुष्टपणा करत नाही, उलट मदतच करत असतात. समोरच्याचा उच्चार जरा वेगळा लागला की आपल्या डोक्यात एक स्विच पडतो: बिचारी अडखळतेय, तिला सोपं करून देऊ. शिवाय आपल्याला घाई असते. पण शिकणाऱ्याच्या बाजूनं बघा. प्रत्येक वेळी अर्ध्या वाक्यावर कुणीतरी प्रेमानं सांगतं की "राहू दे, तुला जमणार नाही".

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. माझा एक कॉलेजमित्र सध्या आइसलँडमध्ये, रेक्याविकला असतो. तोही आठवड्यातून दोनदा भाषेच्या क्लासला जातो. देश केवढा, तर सगळी माणसं मिळून चार लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या धाराशिव जिल्ह्याचीच लोकसंख्या साडेसोळा लाख होती, म्हणजे बघा. भाषेत तीन लिंगं, चार विभक्त्या आणि शब्द मालगाडीसारखे लांब. मित्र म्हणतो, तीन लिंगांचं मला काही वाटलं नाही, मराठी माणसाला ते बाळकडूच आहे. अडचण वेगळीच आहे. तो बेकरीत आइसलँडिक बोलायला लागला की काउंटरवरची मुलगी इंग्रजीत उत्तर देते. हा प्रकार तिथे इतका सार्वत्रिक आहे की वायव्येकडच्या वेस्टफ्योर्ड्स भागात 'आइसलँडिकला एक संधी द्या' अशा अर्थाच्या नावाची मोहीमच सुरू झाली. गंमत म्हणजे ती नवख्यांना जेवढी शिकवते तेवढंच गाववाल्यांनाही सांगते: सावकाश बोला, थांबा, लगेच इंग्रजीत जाऊ नका.

रीतीभाती तर त्याला पुस्तकाबाहेरूनच शिकाव्या लागल्या. घरात शिरताना बूट काढायचे (हे सोपं). सगळ्यांना पहिल्या नावानंच हाक मारायची, अगदी मोठ्या साहेबालाही, कारण बहुतेकांना आडनाव नसतंच, बापाच्या किंवा आईच्या नावापुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' जोडतात. जेवून उठताना 'माझ्यासाठी धन्यवाद' अशा थाटाचं काहीतरी म्हणायचं. आणि आधी भेटलेलं माणूस पुन्हा भेटलं की 'मागच्या वेळेबद्दल धन्यवाद' म्हणायचं. हे शेवटचं वाक्य जमायला लागलं तेव्हा लोक आपल्याशी जरा वेगळं वागायला लागले, असं तो सांगतो.

हे ऐकलं आणि मला वाटलं, अरे, आमच्या बेंबळीला येणाऱ्या नवख्यासाठी अशी यादी केली तर काय काय येईल त्यात?

पहिलं म्हणजे प्रश्नांचा अर्थ. तुम्ही दारात उभे आहात, हातात बॅग आहे, आणि समोरचा विचारतो, "कवा आलाव?" आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आलात तर "आंगुळ झाली का?" बायको सुरुवातीला गोंधळायची. दिसतंय की, मग विचारतात कशाला? तर हे प्रश्न माहिती गोळा करण्यासाठी नसतातच. 'तू मला दिसलीस, मी तुझी दखल घेतली' एवढंच त्यात असतं. उत्तरही तेवढंच द्यायचं, "आत्ताच की!" आणि हसायचं. बस्सं. इथे 'हॅलो, कसे आहात' म्हणणारा माणूस बँकेचा वसुलीवाला वाटतो :)

दुसरं, नकाराचं गणित. चहा विचारला तर पहिल्यांदा "नको, आत्ताच झाला" म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा "अर्धा" म्हणायचं आणि पूर्ण कप प्यायचा. जेवताना "नको" या शब्दाला काडीची किंमत नाही. ताटावर आडवा हात धरला तरच भाकर थांबते, आणि तोही वेळेत धरावा लागतो.

तिसरं, निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. हे मात्र तिला शिकवावं लागलं नाही. बंगालीतही घरातून निघणारा माणूस 'आशि', म्हणजे 'येतो', असंच म्हणतो. आसनसोल ते बेंबळी एवढं अंतर, पण निघणाऱ्याच्या तोंडी जाण्याचा शब्द नको, ही भीती दोन्हीकडे सारखीच. बार्शीला बंगाली साडी मिळाल्यासारखा आनंद झाला होता तिला!

पण याच भीतीनं 'वाढणे' या क्रियापदाचं काय केलंय ते बघा. पोरगं वाढतं. भाव वाढतो. आमटी वाढतात. इथवर ठीक. देवासमोर नारळ वाढवतात, म्हणजे फोडतात. रात्री दुकान वाढवतात, म्हणजे बंद करतात. हातातली बांगडी वाढली म्हणजे फुटली. एकदा शेजारची काकू येऊन म्हणाली, "बांगडी वाढली बगा माजी," आणि बायकोनं मला हळूच विचारलं की सैल झाली का? मी समजावलं की अशुभ गोष्टीचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तिच्या उलटा शब्द वापरायचा. तिनं वहीत लिहून घेतलं, 'वाढणे : कॉन्टेक्स्ट बघणे'.

चौथं, नावं. बेंबळीत तुमचं नाव काय याला फारसं महत्त्व नाही, तुम्ही कुणाचे कोण आहात याला आहे. बायको आल्या दिवसापासून कुणाची सून, कुणाची वहिनी, कुणाची चुलती, कुणाची जाऊ. तिनंही कुणाला नावानं हाक मारायची नाही, तर आबा, तात्या, नाना, आक्का, आत्या. नात्याचा चार्ट मी एक्सेलमध्ये करून दिला होता (हसू नका, इंजिनिअर आहे मी). आणि ज्या गावात नाव घ्यायचं नसतं, तिथेच हळदीकुंकवाला सगळ्या बायका नवीन सुनेला घेरून म्हणतात, "नाव घे!" उखाणा हे तिचं बेंबळीतलं पहिलं जाहीर मराठी. यमक मी रचून दिलेलं होतं. तिनं ते पाठ करून म्हटलं, मध्येच एक शब्द गिळला, आणि पंधरा बायकांनी एका सुरात तो परत म्हणून दिला. हिंदीत कुणी गेलं नाही. कसं जाणार? उखाणा हिंदीत होतच नाही ना!

पाचवी गोष्ट सांगताना जरा अवघडतो, पण यादीत ती नसेल तर यादी खोटी होईल. "पावणे कंच्या गावचे?" हा प्रश्न प्रेमाचा असतो. त्याच्यामागून येणारा "आडनाव काय?" हा प्रश्न दरवेळी तसा नसतो. त्यातून जात काढायची असते. बायकोचं बंगाली आडनाव ऐकून विचारणारा अडकतो. कुठल्या खान्यात टाकावं कळेना म्हणून मग "तिकडं मासे लई खातेत म्हणं" वर गाडी जाते. ती हसते. मला मात्र दरवेळी वाटतं की आइसलँडची आडनाव नसण्याची पद्धत काही वाईट नाही.

आता आज्जीकडे येतो.

आज्जीला कुणी भाषाशिक्षण शिकवलेलं नाही, पण तिच्यासारखी मास्तरीण मी पुण्यात पाहिली नाही. तिला दुसरी भाषा येत नाही, हीच तिची पात्रता! बायकोला एखादं वाक्य कळलं नाही तर आज्जी तेच वाक्य तसंच्या तसं पुन्हा म्हणते, जरा मोठ्यानं. तरी नाही कळलं तर हाताला धरून त्या वस्तूपाशी नेते. तवा, परात, कडबा, माळवं. (माळवं म्हणजे भाजीपाला, पुणेकरांसाठी.) बंगालीत व्याकरणाचं लिंग हा प्रकारच नाही, त्यामुळे बायकोचं "भात झाली, वरण झाला, भाकर झालं" असं सगळं फिरून येतं. आज्जी पोटभर हसते, बरोबर वाक्य सांगते आणि वाट बघते. हे 'वाट बघते' फार महत्त्वाचं. माझे चुलतभाऊ रील्स बघून शिकलेल्या हिंदीत वहिनीवर इम्प्रेशन मारायला गेले, तर आज्जीनं झापलं, "मराटी बोल की रं तिच्यासंगं!"

शिवाय बंगाली आणि बेंबळीच्या बोलीत एक गमतीशीर सापळा आहे. बंगालीत 'आमि' म्हणजे मी. बेंबळीत 'आमी' म्हणजे आम्ही. बायको स्वतःबद्दल काहीतरी सांगायला जाते, तोंडून सवयीनं "आमी" निघतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही सगळ्या घरातर्फे बोलतेय. "आमी चहा नको." झालं, सगळ्यांचा चहा रद्द!

दुसरा सापळा जास्त खोल आहे. बंगालीत 'आपनि' म्हणजे आदरार्थी तुम्ही. मराठीत 'आपण' म्हणजे मी आणि तू, दोघं मिळून. आम्ही म्हणजे आम्ही, तुला वगळून. आपण म्हणजे तुला धरून. इंग्रजीत, हिंदीत, बंगालीत रोजच्या बोलण्यात हा भेद एका शब्दात होत नाही. आपल्याला जन्मापासून येतो म्हणून लक्षात येत नाही, पण मराठी माणूस दर वाक्याला ठरवत असतो की समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं.

हे मला कळलं ते येळवशीला. आमच्याकडची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, ही मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिव भागात दिवाळीपेक्षा मोठा सण, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि त्या दिवशी बाजारपेठेत कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं, कारण सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडून पूजा करायची, आणि मग जेवण. हरभरा, तूर, वाल असे ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबट गार आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला आज्जी बायकोला सगळं समजावून सांगत होती, "आमच्यात असं करतेत. आमच्यात भज्जीला आंबील लावतेत." दुसऱ्या वर्षी शेजारच्या शेतातली एक पाहुणी आली, तिला भज्जी वेगळी लागली म्हणून तिनं विचारलं. आज्जी बायकोकडे हात करून म्हणाली, "आपल्यात आंबील घालतेत भज्जीत. व्हय की न्हाई गं?" आणि बायको म्हणाली, "व्हय."

पुण्याला परतताना गाडीत तिनं विचारलं, "'आपल्यात' म्हणजे 'तुमच्यात' ना?" बंगाली कान! मी सांगितलं की नाही, त्यात तूपण आलीस. नंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. बार्शी मागे पडल्यावर म्हणाली, "मग मागच्या वर्षी काय म्हणत होती?" एवढंच.

आता एक नोंद घेण्यासारखी गोष्ट. ही येळवस, आम्हा मराठवाड्यातल्या मराठी माणसांचा जीव की प्राण, हिचं नाव कन्नडशी जोडलेलं आहे. कर्नाटकात याच अमावस्येला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. शेतात आंबील शिंपडताना जी आरोळी देतात तिच्यातले शब्दही कन्नडच्या वळणाचे. अर्थ विचारला तर गावातले म्हातारे हसतात, पण आरोळी जोरात देतात. आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, जिथे कारभाराची भाषा उर्दू. म्हणजे पणजोबा आपल्याच गावात राहून कचेरीच्या दारात भाषेनं नवखेच होते. ज्यांच्या घरात हा इतिहास आहे त्यांनी तरी नवख्याच्या चुकीला हसून, मग थांबायला हवं. आज्जी थांबते तशी.

सध्या मराठीवरून वातावरण किती तापतं ते आपण बघतोच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद झाला. २०२५ च्या पावसाळ्यात मराठी बोलला नाही म्हणून मीरा रोडला एका दुकानदाराला मारहाण झाली, तेव्हा लाज वाटली. थोबाडीत खाऊन कुणी क्रियापदं शिकलेलं माझ्या ऐकण्यात नाही. पण दुसऱ्या बाजूला, जो शिकतोय त्याला पुन्हा पुन्हा हिंदीत ढकलणारे आपण सभ्य लोकही त्याला बाहेरच ठेवतो. फक्त हसतमुखानं.

मॅक्सीन बर्नसन यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतून साठच्या दशकात इकडे आल्या, फलटणला राहिल्या, तिथल्या बोलीचा अभ्यास केला. जाई निंबकरांबरोबर परभाषकांना मराठी शिकवणारी पुस्तकं लिहिली आणि १९८४ मध्ये तिथेच प्रगत शिक्षण संस्था काढली. फलटणला लोक त्यांना मॅक्सीनमावशी म्हणू लागले. मॅडम नाही, मावशी! मला वाटतं, कुणी मावशी म्हणायला लागलं की भाषा आली असं समजावं. परीक्षेचे मार्क नंतर.

अर्थात सुनेला 'आपल्यात' घेणं सोपं असतं. ती घरची होणारच असते. आमच्या भागात बोअरच्या गाड्या येतात, लांब तमिळनाडूच्या. त्यांच्यावरची पोरं रात्र-रात्र आमच्या शेतात राबतात. 'पाणी लागलं', 'दगड हाय', 'शंभर फूट' एवढं मराठी त्यांना येतं, ते त्यांनी स्वतःच ऐकून उचललेलं. त्यांच्याशी कुणी तेवढ्यापलीकडे मराठी बोलत नाही. येळवशीच्या दिवशी ते रस्त्यात दिसले तर त्यांनाही भज्जी वाढतात, हे मी पाहिलंय. उरलेल्या ३६४ दिवसांचं काय, हा प्रश्न राहतोच.

तेव्हा नवख्यांसाठीची यादी वर दिली, आता आपल्यासाठीची. तीनच कलमं आहेत. समोरचा मराठीत सुरू झाला तर त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. नाही कळलं तर तेच मराठीत पुन्हा सांगा, जरा सावकाश. आणि दोन मिनिटं हिंदी-इंग्रजी खिशात ठेवा. भेंडी कुठे पळून जात नाही.

जाता जाता एक. क्लासच्या मॅडमनी परवा बायकोला विचारलं, "कशा आहात, सुट्टीत काय केलंत?" ही उत्तर देऊन म्हणाली, "तुमी काय करलालाव?" वर्गात हशा. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'काय करत आहात?' तेच बरोबर, परीक्षेत तेच लिहायचं. पण इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा हेच 'करलालाव' ऐकून पोरं नक्कल करायची, आणि मी सहा महिन्यांत ते जिभेवरून पुसून टाकलं होतं. आता हिंजवडीत ते पुन्हा ऐकू येतं, एका बंगालणीच्या तोंडून, मोठ्यानं, कँटीनमध्ये. मलाही हल्ली घरात तसंच बोलायला सुचतं.

रविवारी संध्याकाळी बेंबळीला फोन असतो. मागच्या रविवारी मी "आज्जी, कशी हायस?" म्हटलं तर म्हणाली, "बरी हाय. तिला दे." पंचवीस मिनिटं बोलत होत्या दोघी. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही.